मार्लस्टोच्या मनोऱ्यातला स्टँड

बसा हो, बसा. उभं राहायचं काम माझं. मी स्टँड.

हो, तोच. तुम्ही एस.टी. पकडायला धावत येता तिथला, सायकल लावता तिथला, सभेत कुणी धड हो की नाही बोलेना म्हणजे "अहो, काहीतरी स्टँड घ्या" म्हणून ज्याला मधे ओढता, तोही मीच. तुमच्याकडे येऊन मला बरेच दिवस झाले. मराठी माणसांनी मला घरचाच करून टाकलाय, माझी काही तक्रार नाही. पण माझं मूळ गाव इंग्लंड, आणि आज जे सांगायचंय ते तिथलंच आहे.

माझा जन्म कधी झाला ते मला विचारू नका. पुस्तकं नव्हती तेव्हाही मी होतो. चिखलात पाय रोवून कुणी पहिल्यांदा "मी इथून हलणार नाही" म्हणालं असेल, तेव्हा मी जन्मलो असेन. एका श्वासात संपतो मी. तोंडभर पसरणारे लांबलचक शब्द भेटले की माझं डोकं उठतं.

तिथल्या माणसाचं माझ्यावाचून पान हलत नाही. दाराशी ओल्या छत्र्या ठेवतात, तो मी. केक मिरवायला उंच पायाची थाळी असते, तो मी. पबमध्ये "आजचे सगळ्यांचे पेले माझ्याकडून" म्हणायचं झालं तरी मी. गावच्या पंचायतीला उभं राहतात तेव्हा मी, आणि पडल्यावर "कान्ट स्टँड हिम, त्या माणसाचं तोंड बघवत नाही" म्हणून घरी येऊन चडफडतात तेव्हाही मीच. फुटबॉलच्या मैदानात लोक जिथे हातपाय पसरून बसतात, त्या जागेलासुद्धा माझंच नाव! बसायच्या जागेला! एवढी शतकं झाली, पण ते कोडं मला सुटलेलं नाही.

अजून एक काम माझ्या गळ्यात आहे, ते मला मनापासून आवडत नाही. एखादा माणूस आला नाही की त्याच्या जागी दुसऱ्याला तात्पुरतं उभं करतात, आणि त्या बिचाऱ्याला 'स्टँड-इन' म्हणत माझंच नाव चिकटवतात. थेल्माला ते आयुष्यभर चिकटलं होतं.

थेल्मा म्हणजे मार्लस्टोची थेल्मा. श्रॉपशायरातलं हे गाव, मेंढ्या जास्त नि माणसं कमी. थेल्मा तिथल्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची. आवाज असा, की अख्खी शाळा चमचे खाली ठेवायची. लग्न केलं नाही. केलं असतं तर काय झालं असतं, असं विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. आणि मंगळवारी संध्याकाळी, पाऊस असो की बर्फ, बाई चर्चचा, म्हणजे तिथल्या देवळाचा, मनोरा चढून घंटेच्या दोराशी हजर.

त्या मनोऱ्याच्या माथ्यावर सहा घंटा आहेत. मधल्या मजल्यावर एक गोल खोली, तिच्या छतातून सहा दोर खाली येतात, आणि सहा माणसं एकमेकांकडे तोंड करून ते ओढतात. आधी कुणाची, मग कुणाची, हा क्रम दर फेरीला बदलत जातो. समोर कागद नाही की काही नाही, सगळं डोक्यात. घंटा अशी फिरते की प्रत्येक ओढीला तिचं तोंड आभाळाकडे होतं. आणि सहाजणांतला एक जो म्होरक्या असतो, त्यानं "स्टँड!" म्हटलं की सहाही घंटा तोंड वर करून थांबतात. तशाच, उलट्या, तोल सांभाळून. त्या खोलीत मला हाक मारायचा हक्क फक्त त्या म्होरक्याचा. बाकी कुणी माझं नाव काढायचं नाही.

जगात मला हाका मारणारे कमी नाहीत. पण त्या खोलीत जेवढा मान आहे, तेवढा मला राजवाड्यातही मिळालेला नाही.

आता या लोकांचं एक व्रत आहे, त्याला मी आपला 'अखंड' म्हणतो. तीन तास घंटा वाजवायच्या. थांबायचं नाही, बसायचं नाही, पाण्याचा घोट नाही, दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही आणि क्रम चुकवायचा नाही. पार पडला की सहा जणांची नावं लाकडी फळ्यावर रंगवून खोलीच्या भिंतीला लावतात. मधे चुकलं आणि सावरलं नाही, तर म्होरक्यानं मला हाक मारून सगळं थांबवायचं. शेवटची पाच मिनिटं उरली असली तरी थांबवायचं. तपासायला कुणी येत नाही बरं का. गावाला तर सगळंच गोड लागतं. पण खोटा अखंड भिंतीवर चढवायचा नाही म्हणजे नाही.

थेल्माचं नाव त्या भिंतीवर नव्हतं. तरुणपणापासून दोर ओढत होती, पण आधी तिचे वडील म्होरके, मग मोठा भाऊ क्लिफर्ड. अखंड ठरला की सहा पुरुष. एखाद्या मंगळवारी कुणाला ताप आला, कुणाची गाय अडली, की "थेल्मा, जरा उभी राहतेस का?" आणि अखंडाच्या दिवशी ती खाली चहा नि सँडविचं करायला.

एकदा तिनं विचारलं होतं. क्लिफर्ड म्हणाला, "तीन तास तुझ्याच्यानं होणार आहे का थेल्मा? मधेच दोर सोडशील आणि आमची मेहनत पाण्यात."

"बरं," थेल्मा म्हणाली, "तुझ्या सँडविचात झणझणीत मोहरी घातलीय, बघ तुझ्याच्यानं होतंय का."

त्या दिवशी क्लिफर्ड डोळे पुसत मनोरा चढला, एवढाच काय तो सूड. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण राग जिरला असं समजू नका. मी तिच्या तोंडात रोज असायचो, मला सगळं कळत होतं.

वर्षं गेली. क्लिफर्डचे गुडघे गेले, त्याचं मनोरा चढणं संपलं, आणि म्होरकेपण त्याच्या मुलीकडे, ब्रायनीकडे आलं. पोरगी गुरांची डॉक्टर, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. थेल्मा तिची लाडकी आत्या. आणि नेमका आता थेल्माचा उजवा खांदा बिघडला. ऑपरेशनची तारीख मिळाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्यानंतर दोराला हात लावायचा नाही, कायमचा.

थेल्मा दवाखान्यातून तडक ब्रायनीच्या स्वयंपाकघरात आली. कोटसुद्धा काढला नाही.

"ब्रायनी, मला अखंड वाजवायचाय. ऑपरेशनच्या आधी."

"आत्या, अगं खांद्याचं काय?"

"खांदा माझा आहे. तू माणसं गोळा कर."

"तीन तास, आत्या!"

"मला माहीत आहे किती तास ते. तुझ्या बापानं चांगलं सांगून ठेवलंय."

ब्रायनी हसली आणि तिनं माणसं गोळा केली. त्यांतलाच एक डेसमंड, दातांचा निवृत्त डॉक्टर. याच्याइतका सभ्य माणूस अख्ख्या परगण्यात नसेल. दारात कुणी समोर आलं की "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत पावसात भिजत राहणारा. दात उपटताना पेशंटची माफी मागायचा म्हणे. त्याचा दोर थेल्माच्या शेजारी.

तो शनिवार उजाडला. दुपारी दोनला सहाजण वर गेले. खाली देवळाच्या आवारात गाव जमलं, चहाच्या किटल्या लागल्या, केक आले. क्लिफर्ड बाकावर काठी टेकून बसला. त्याच्या शेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काय ते कुणाला सांगेना.

वर पहिल्या घंटेवाल्यानं आरोळी दिली, "सावध! पहिली निघतेय... निघाली!"

आणि मी ब्रायनीच्या जिभेखाली जाऊन बसलो. अखंडात माझं काम हेच. तीन तास गप्प. मला किती जड जातं म्हणून सांगू! मी काय गप्प बसणाऱ्यातला आहे? पण मी वेळेआधी बाहेर पडलो तर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी, म्हणून दात आवळून बसायचं. दात ब्रायनीचे, आवळायचे मी.

पहिला तास मस्त गेला. दुसऱ्यात थेल्माचा चेहरा लाल झाला, केस कपाळाला चिकटले, पण तिची घंटा जागच्या जागी पडत होती. मी ब्रायनीच्या दातांआडून बघत होतो नि मनात म्हणत होतो, शाब्बास माझी वाघीण!

तिसऱ्या तासाला खांद्यातून कळ आली. मी ती पाहिली, थेल्माचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दोर किंचित उशिरा आला आणि ती शेजारच्या जागेत घुसली, डेसमंडच्या जागेत. आता कुठलाही सरळ माणूस काय करील? आपली जागा धरून राहील, ती मग आपसूक मागे सरकेल, आणि सगळं सावरेल. पण तो पडला डेसमंड! तो अदबीनं बाजूला झाला आणि थेल्माची मोकळी पडलेली जागा त्यानं घेतली. आधी तुम्ही! आणि त्या क्षणापासून ती दोघं एकमेकांच्या वाटेनं चालू लागली, बिनचूक, सुरेल. पाच घटका वाजवलं असतं तरी कुणाला खटकलं नसतं. अखंड मात्र खोटा झाला होता.

ब्रायनी त्या वेळी दुसऱ्या बाजूला कुणाला तरी सांभाळत होती. तिच्या ध्यानात आलं तेव्हा सावरायची वेळ निघून गेली होती.

मी उठलो. जिभेच्या शेंड्यावर आलो. चला, माझं काम आलं. वाईट काम, पण माझंच. ब्रायनीनं तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

मी धडक दिली. तिनं मला गिळलं. मी पुन्हा वर चढलो. अगं बोल ना! तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ती भिंतीकडे बघत होती. मला राग आला तिचा, खरं सांगतो. आणि कीवही आली. मलासुद्धा थेल्मासाठी घशातच राहावंसं वाटलं, नाही असं नाही. पण मी राहिलो असतो तर मग मी कसला स्टँड?

तेवढ्यात थेल्माला दिसलं. समोरून यायला हवा तो दोर आला नाही, भलताच आला. तिनं डेसमंडकडे पाहिलं. डेसमंड बुटांकडे. तिनं ब्रायनीकडे पाहिलं. ब्रायनीनं मान फिरवली. झालं, बाईला सगळं कळलं. काय चुकलं तेही, आणि ही दोघं का गप्प आहेत तेही.

तिनं आवाज चढवला. शाळेतला.

"स्टँड!"

सहाही घंटा तोंड वर करून थांबल्या. त्या खोलीत म्होरक्या सोडून दुसऱ्या कुणी मला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. पण त्या हाकेला नाही म्हणायची कुणाच्या हातात ताकद नव्हती.

"आत्या! अगं थोडंच राहिलं होतं गं!" ब्रायनी रडायलाच लागली.

"माहीत आहे."

"कुणाला कळलं नसतं."

"तुला कळलं होतं ना? मला कळलं. आणि हा बघ, बुटांचं पॉलिश मोजतोय."

"माफ करा, अगदी मनापासून माफ करा," डेसमंड पुटपुटला, "मी उगाच बाजूला झालो. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"डेसमंड, अरे बाबा, आयुष्यात एकदा तरी आडवा ये ना माझ्या! ढकल मला! चूक माझी होती, मला धक्का मिळायला हवा होता. तू जागा कसली देतोस?"

डेसमंडनं पुन्हा माफी मागितली. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

खाली घंटा थांबल्या तशा गावानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, झाला. थेल्मा जिन्यातून खाली आली, डावा हात उजव्या खांद्यावर, आणि टाळ्यांच्या मधोमध म्हणाली, "झाला नाही. चुकला. माझ्याकडून चुकला." टाळ्या कशा थांबवायच्या तेच कुणाला कळेना. मागची दोन माणसं अजून वाजवतच होती.

क्लिफर्ड बाकावरून उठला. त्यानं कापड सोडलं. आत फळा होता, सोनेरी अक्षरांत सहा नावं, आणि तिसरं नाव थेल्माचं. आधीच रंगवून आणला होता गड्यानं.

"तरी लावू," तो हळूच म्हणाला. "तीन तासांत काय फार उरलं होतं? मी ऐकलं कुठे चुकलं ते. म्हातारा झालोय, बहिरा नाही. म्हटलं, असू दे. तुझी एवढी इच्छा होती."

थेल्माच्या हातात चहाचा कप कुणीतरी दिला होता, तो तिनं बाकावर ठेवून दिला.

"असू दे? तू चुकलास तेव्हा कुणी म्हटलं का रे असू दे? बाबांनी तुला थांबवलं. शिव्या दिल्या. तू पुन्हा चढलास, आणि मग तुझं नाव लागलं. मला आधी दोर दिला नाहीस. आता देतोयस तर भीक म्हणून देतोयस?"

"भीक नाही गं..."

"मग काय आहे? सांग ना. इतकी वर्षं मी जमणार नाही म्हणून खाली, आणि आता जमलं नाही तरी भिंतीवर. तुला मी माणूस कधी वाटणार, क्लिफर्ड?"

क्लिफर्डनं तो फळा उचलला, नावांची बाजू भिंतीकडे करून देवळाच्या पायाशी टेकवून ठेवला, आणि बहिणीसमोर येऊन उभा राहिला.

"ऑपरेशनच्या आधी अजून एक शनिवार आहे," तो म्हणाला. "खांदा शेक. रोज शेक. दमलीस की तू कोपर उचलतेस, मंगळवारी किती वेळा पाहिलंय मी, म्हणून कळ येते. बाबा मला तेच ओरडायचे. ये उद्या, दाखवतो."

"आधी का नाही दाखवलंस?"

"गाढव होतो म्हणून."

"होतास?" थेल्मा म्हणाली, आणि पुन्हा कप उचलून गार चहा पिऊन टाकला.

"आणि डेसमंडला माझ्याकडे सोपव," क्लिफर्ड म्हणाला.

त्यानंतर क्लिफर्डनं त्या सभ्य माणसाचे जे हाल केले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. रोज संध्याकाळी त्याला पबच्या दारात उभं करायचा आणि आतून थेल्माला बाहेर पाठवायचा. "आता तू आधी जायचं! सरकायचं नाही! अरे सरकलास परत!" डेसमंड घामाघूम. शेवटी एका संध्याकाळी तो डोळे मिटून थेल्माला चक्क धक्का देऊन आत शिरला. अख्ख्या पबनं त्याला डोक्यावर घेतलं. त्यानं धक्क्याबद्दल सात वेळा माफी मागितली, पण धक्का दिला हे खरं.

आणि आज तो शनिवार आहे.

थेल्मा खांद्याला पट्टी बांधून आलीय. कोपर अंगाशी ठेवायची सवय तिनं दिवसरात्र केलीय, भांडी घासतानासुद्धा. खांदा बरा नाही, बरा होणारही नाही. आज जमलं नाही तर पुन्हा नाही. तिला ते माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. क्लिफर्ड मात्र खाली बसायला तयार झाला नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी मागे सरकत सरकत, वर येऊन पोचला आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर धापा टाकतोय.

"उतरताना पडलास तर मी उचलणार नाही हं," थेल्मा त्याला म्हणाली.

"तू तुझा दोर बघ."

ब्रायनी मधे आली. आत्याचे दोन्ही हात तिनं हातात घेतले. "आत्या, आज चुकलं आणि सावरलं नाही, तर मी थांबवणार. शेवटच्या मिनिटाला असलं तरी. मी गिळणार नाही."

"गिळलंस तर तुझ्याशी बोलणार नाही," थेल्मा म्हणाली. मग तिनं भाचीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि दोराशी गेली.

मला माझी जागा मिळालीय, ब्रायनीच्या जिभेखाली. आता यापुढे मला बोलता यायचं नाही. मी आयुष्यभर हाकेची वाट बघणारा शब्द. कुणी बोलावलं की छाती काढून बाहेर येणारा. पण आज माझी एकच इच्छा आहे, तीन तास मला कुणी बोलावू नये. आणि बोलवावंच लागलं, तर मी बाहेर पडणार. थेल्मा रडली तरी, मी रडलो तरी. तिला तेच हवंय, आणि तिचा तो हक्क आहे.

तुम्हालाही माझी एवढीच विनवणी. इथे खाली बसून ऐका, हवं तर चहा घ्या, पण तीन तास माझं नाव ओठांवर येऊ देऊ नका.

"सावध! पहिली निघतेय..."

थेल्माचे हात वर गेले. येतो मी.

"...निघाली!"